तेरीज आयती मिळत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागलाय, कॉलेजांच्या प्रवेशाची गडबड चालू आहे, म्हणून कॉमर्सच्या मुलांना अकाउंट कसं शिकवतात यावर हे पत्र. थोडं लांब झालंय. कात्री लावलीत तरी चालेल, फक्त आकडे तेवढे राहू द्या.

मी सांगलीत विश्रामबागेत मेस चालवते, 2011 पासून. 46 मुलं जेवतात, त्यातली निम्मी कॉमर्सची. त्यामुळे 'डेबिट व्हॉट कम्स इन, क्रेडिट व्हॉट गोज आउट' हे मी आमटीच्या पातेल्याशेजारी उभी राहून तेरा वर्षं ऐकत आलेय. परीक्षा जवळ आली की जेवताना दुसरा विषयच नसतो. एक सुरुवात करतो, दुसरा पुढचं वाक्य जोडतो, तिसरा पोळी मागतो. मला वाटायचं, काय ही पोरांची हुशारी! आपल्याला गल्ला मोजण्यापलीकडे काही येत नाही.

मी अकाउंट शिकायला का गेले ते आधी सांगते. मुलगा मेसला लागला की मी हजार रुपये अनामत घेते आणि महिन्याचे 2,800 आगाऊ. 2019 च्या जूनमध्ये अनामतीचे 46 हजार हातात आले. त्यातल्या 24 हजारांचं कणीक मळायचं मशीन घेतलं, उरलेले लेकीच्या क्लासच्या फीला गेले. पैसा आपलाच समजले. मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली, मुलं गावी गेली, टाळेबंदी लागली आणि एप्रिलपासून एकेकाच्या वडिलांचे फोन सुरू झाले. "ताई, पोरगं काय आता परत येत नाही, तेवढी अनामत फोनपे करा." बरोबरच होतं त्यांचं. माझ्याकडे मशीन होतं, पैसे नव्हते. शेवटी पतसंस्थेत पाटल्या ठेवल्या आणि एकेकाचे पैसे फेडले. अनामत ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहायची, हे पुस्तकात एका ओळीत आहे. मला ती ओळ दोन पाटल्यांना पडली.

2022 मध्ये मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.ला नाव घातलं. बारावी मी आर्ट्सची, 1998 ची. अभ्यास केंद्र इथल्याच एका कॉलेजात, तास रविवारी सकाळी. रविवारी दुपारी मेसला फीस्ट असते, त्यामुळे पुऱ्या जाऊबाईंच्या गळ्यात घालून मी पळायची. वर्गात माझ्या वयाचं कुणी नव्हतं. एक होमगार्ड होता, दोघी अंगणवाडी सेविका होत्या, बाकी पंचविशीच्या आतले.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं : 'व्यवसाय वेगळा, मालक वेगळा.' मालकाने घातलेलं भांडवल म्हणजे धंद्याने मालकाला द्यायचे पैसे, मालकाने धंद्यातून काही घेतलं तर ती उचल. सगळ्यांनी लिहून घेतलं. मला लिहायचं सुचलंच नाही. डोळ्यांसमोर आमचं स्वयंपाकघर आलं. तिथं मेसचं आणि घरचं तेल एकाच डब्यातून निघतं.

मी हात वर करून विचारलं, "सर, पहाटे साडेचारला उठते, रात्री दहाला भांडी आवरतात. माझा पगार कुठल्या बाजूला लिहायचा?" वर्ग हसला. सर म्हणाले, "मालकाला पगार नसतो, नफा असतो." भागीदारी असली आणि करारात तसं ठरलेलं असलं तर भागीदाराला पगार घेता येतो, हे पुढे भागीदारीच्या धड्यात आलं. 1932 च्या कायद्यात तसं आहे. एकटी बाई धंदा करत असेल तर तिला ती सोय नाही. नियम म्हणून मला हे कळलं, पटलेलं मात्र अजून नाही. पोळ्या लाटायला बाई ठेवली की तिचे नऊ हजार खर्चात दिसतात. त्याच पोळ्या मी लाटल्या की नफा नऊ हजारांनी वाढतो आणि सगळे म्हणतात, मेसमध्ये कमाई बरी आहे.

आता जमा-नावेचं, म्हणजे क्रेडिट-डेबिटचं, सांगते, कारण माझ्या मते पहिल्या वर्षाची मुलं इथंच कायमची अडकतात. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 41 वर्षं दिवाणजी होते. वय 79, पण बेरीज अजून बोटं न लावता करतात. एका रात्री मी रोकड पुस्तकाचं उदाहरण सोडवत बसले होते. त्यांनी चष्मा लावून वहीत डोकावलं आणि म्हणाले, "हे उलटं लिहिलंयस. पैसे आले की जमा." पुस्तकात तर छापलेलं, रोख आली की रोख खातं नावे. मी माळ्यावरनं त्यांची जुनी कीर्द, म्हणजे रोजच्या हिशोबाची वही, काढली. तिच्यात डावीकडे जमा, उजवीकडे नावे. माझ्या पुस्तकात डावीकडे नावे, उजवीकडे जमा. आणि गंमत म्हणजे आलेले पैसे दोन्हीकडे डाव्याच बाजूला!

रविवारी सरांना विचारलं. ते म्हणाले, "जुनी पद्धत डोक्यातून काढा, नियम पाठ करा." पाठ केले. घेणारा नावे, देणारा जमा. येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. उदाहरणं सुटायला लागली, पण खडा टोचतच राहिला.

उलगडा झाला बँकेत, पासबुकावर नोंदी छापून घेताना. मी पाच हजार भरले होते आणि पासबुकात ते जमेला होते. माझ्या वहीत त्याच पाच हजारांना बँक खातं नावे पडलेलं. रांगेत उभ्या उभ्या लक्षात आलं की पासबुक माझ्या हातात असलं तरी वही बँकेची आहे. बँकेच्या खतावणीतलं, म्हणजे प्रत्येकाचं खातं वेगळं लिहायच्या वहीतलं, ते माझं पान. तिच्या वहीत मी देणारी, म्हणून जमा. माझ्या वहीत बँक घेणारी, म्हणून नावे. घरी येऊन परत मामंजींची कीर्द उघडली. 'जमा 5,000' लिहून पुढे व्यापाऱ्याचं नाव असायचं. म्हणजे जमा व्हायचं ते त्या व्यापाऱ्याचं खातं. रोखीचं वेगळं खातं ते काढतच नसत, कारण अख्खी कीर्द हेच रोखीचं खातं. पुस्तक दोन्ही टोकं लिहितं, ते एकच टोक लिहायचे, दुसरं वहीतच असायचं. मामंजींना हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "मग मी काय वेगळं म्हणत होतो?"

माझ्याकडच्या पोरांची अडचण याहून मोठी. त्यांना कीर्द माहीत नाही, पण मोबाइलवरचा मेसेज माहीत आहे. क्रेडिट म्हणजे पैसे आले, डेबिट म्हणजे गेले, हे त्यांना बँकेच्या मेसेजने कॉलेजात जायच्या आधीच शिकवलेलं असतं. कॉलेजातला पहिला नियम बरोब्बर याच्या उलट. 'हा मेसेज कोणाच्या वहीतला?' एवढा एक प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला तरी पुढचं वर्ष सोपं जाईल. तो विचारला जात नाही. मग हुशार पोरगंही मनातून हरतं आणि पाठांतराला लागतं. त्यात अकरावी-बारावीला 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' म्हणून मराठीतून शिकलेलं सगळं कॉलेजात एकदम इंग्रजीत येतं. घसारा, म्हणजे वस्तू वापरून दरवर्षी कमी होणारी तिची किंमत, कळलेला असतो, डेप्रिसिएशन परक्यासारखं वाटतं.

आणखी एक. आमच्या पुस्तकांत माल नेहमी जळतो. अंतिम खात्यांच्या, म्हणजे वर्षाअखेरच्या नफा-तोट्याच्या आणि ताळेबंदाच्या, उदाहरणाखाली ज्या तळटीपा असतात, त्यांत हमखास एक : 'इतक्या रुपयांचा माल आगीत नष्ट झाला, विमा कंपनीने इतक्याचा दावा मान्य केला.' सांगलीत माल जळत नाही हो, बुडतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरात साठवलेला पाच क्विंटल गहू आणि दीड क्विंटल तांदूळ गेला. वीस हजारांचा माल. विमा नव्हता, त्यामुळे दावा मान्य-अमान्य व्हायचा प्रश्न नव्हता. सानुग्रह अनुदान मिळालं ते घराला, मेसला नाही. पण ती टीप शिकताना मला पहिल्यांदा कळलं की बुडालेला माल खरेदीतून बाजूला काढून नफा-तोटा खात्यात वेगळा तोटा म्हणून का दाखवायचा. त्या वर्षी मला सारखं वाटत होतं की आपलं जेवण महाग पडतंय, मी तेल मोजून घालत होते, डाळ पातळ करत होते, मुलांच्या शिव्या खात होते. जेवण महाग पडलंच नव्हतं. गहू कृष्णेत गेला होता आणि मी तो पोळ्यांच्या हिशोबात धरला होता. हे उदाहरण वर्गात सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. निम्म्यांच्या घरात पाणी येऊन गेलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मागल्या वर्षी मे महिन्यात माझ्याकडे जेवणारा जतचा एक मुलगा होता. अकाउंटला शंभरात 88 मार्क. कष्टाळू, पोळीसुद्धा मोजून खाणारा. त्याला म्हटलं, "बाळा, माझी परीक्षा आहे, तू माझं 2022-23 चं वर्ष बघ आणि एवढंच सांग, मला नफा झाला का? महिनाभर जेवण माझ्याकडून." त्याच्यापुढे तीन वह्या ठेवल्या, एक मुलांच्या पैशांची आणि खाड्यांची, एक किराण्याच्या उधारीची, एक रोजच्या खर्चाची. शिवाय बिलांनी भरलेली साखरेची पिशवी. त्याने सगळं उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "काकू, ट्रायल बॅलन्स कुठंय?"

ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्यांची यादी, जिच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळावी लागते. मी त्याला हसले नाही, कारण वर्षभर मीही तेच शिकले होते. प्रश्नपत्रिकेत लिहिलेलंच असतं : 'पुढील तेरीजपत्रकावरून अंतिम खाती तयार करा.' तेरीज आयती, घसारा दहा टक्के हे आयतं, अखेरचा मालसाठा आयता, बुडीत कर्ज किती तेही आयतं. दोन्ही बाजू जुळल्या की दोन रेघा मारायच्या. माझ्या मशीनला दहा टक्के कुणी ठरवले? ते पाच वर्षं चालेल आणि भंगारात चार हजार येतील असं मी धरलं, म्हणून वर्षाला चार हजार घसारा. तिसऱ्या वर्षी पट्टा तुटला तेव्हा मला माझा अंदाज परत तपासावा लागला. त्या मुलाने आजवर असा एकही अंदाज स्वतः केला नव्हता. कुणी करायला लावला नव्हता.

तरी पठ्ठ्या बसला. आठ दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर. साखरेच्या पिशवीतली बिलं तारखेप्रमाणे लावली, एकेकाचं खातं काढलं. भाजीवाल्याचं, वाण्याचं, गॅसवाल्याचं. आगाऊ आलेल्या पैशांतले एप्रिलचे पैसे बाजूला काढायचे हे त्याचं त्याला सुचलं. मला ते सुचलं नव्हतं. मुलं 15 मार्चला महिन्याचे पैसे देतात, त्यातले निम्मे दिवस पुढच्या आर्थिक वर्षातले. तेरीज केली तर 1,730 चा फरक. तो म्हणाला, "काकू, सस्पेन्सला टाकू." म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरत्या खात्यात ठेवू. मामंजी कॉटवरनं ऐकत होते. म्हणाले, "उचंतीला टाकायचं ते हुडकून दमल्यावर. आधी फरक अर्धा कर. 865 कुठं आहेत बघ, ते चुकीच्या बाजूला पडलेत." सापडले. भाजीवाल्याला दिलेले 865 त्याच्या खात्याला नावे पडायचे ते जमेला पडले होते. मामंजींनी लगेच पुढचंही सांगून टाकलं : फरकाला नवाने भाग गेला तर आकडे उलटे लिहिलेत का बघायचं, 54 चे 45 झालेले असतात. मुलाने हे मोबाइलमध्ये लिहून घेतलं. 88 मार्क मिळेपर्यंत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मामंजींना 41 वर्षांत कुणी मार्क दिले नव्हते.

तेरीज जुळली. नफा निघाला 1,14,600. वर्षभर राबून महिन्याला साडेनऊ हजार. आमचे हे कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर आहेत, ते म्हणाले, "मेस बंद कर आणि घरी बस." मी रात्रभर विचार केला. सकाळी कणीक मळताना आठवलं की आम्ही घरातली चौघं दोन्ही वेळा मेसचंच जेवतो. मेस सुट्टीत बंद असली तरी आमचा डबा त्याच कोठीतला. एका ताटाला खर्च 35 रुपये धरला तर दिवसाला 280, वर्षाला 1,02,200. ही उचल. ती कुठल्याच वहीत नव्हती, त्यामुळे तेरजेला तिचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. ती धरली तर नफा 2,16,800. मेस आतबट्ट्यात चाललेली नव्हती, आम्हीच ती खात होतो. शिवाय घराचं लाइट बिल मेसच्या खर्चात घातलेलं सापडलं, ते निराळंच. पुस्तकात 'तेरीजपत्रकात न दिसणाऱ्या चुका' असा चार-पाच मार्कांचा प्रश्न असतो, उत्तरात चार प्रकार लिहायचे. मी ते चारही प्रकार माझ्या वहीत दाखवू शकते.

तो मुलगा नंतर म्हणाला, "काकू, अकाउंटचा पेपर सोपा असतो, तुमची वही अवघड आहे." टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास त्यानेही केलेला आहे. टॅलीची बेरीज चुकत नाही, पण मी कोठीतून किलोभर शेंगदाणे घरच्या चिवड्याला नेले, हे तिला कोण सांगणार?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुलांना आता फील्ड प्रोजेक्ट असतो असं कळलं, तेव्हा मला आनंद झाला होता. यंदा पाच मुलं आली. माझ्याबरोबर पातेल्यापाशी फोटो काढला, 'व्यवसायाचे नाव, स्थापना, कामगार संख्या' एवढं लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेली. पुढे त्यांनी वीस पानांचं स्पायरल बाइंडिंग केलेलं मला आणून दाखवलं. पहिल्या पाचसात पानांवर आभार आणि अनुक्रमणिका, मग उद्योजकतेची व्याख्या, मग माझा फोटो. माझा एकही आकडा त्यात नव्हता. मी विचारलं, "वह्या का मागितल्या नाहीत?" तर म्हणाली, "सरांनी सांगितलं नव्हतं." कोणतं कॉलेज ते लिहीत नाही, कारण मला नाही वाटत की हे एकाच कॉलेजात होतं. सरांचीही सगळी चूक म्हणणार नाही. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं करणारे एक सर माझ्याकडेच डबा घेतात, त्यांचे दिवस मी बघते.

माझं मागणं एवढंच आहे. पहिल्या वर्षाला नियम शिकवायच्या आधी एक महिना मुलांना एक खरी वही द्या. कॉलेजच्या फाटकाबाहेरचा झेरॉक्सवाला, चहाची टपरी, पंक्चरवाला, कुणीही. एका महिन्याचा खर्च, उधारी, उचल. त्यांचे त्यांना बिलांचे गठ्ठे लावू द्या, तेरीज त्यांची त्यांना काढू द्या, चुकू द्या, 1,730 चा फरक रात्रभर हुडकू द्या. मग नियम सांगा. परीक्षेतही निदान दहा मार्कांचा एक प्रश्न असा असावा की ज्यात आकडे कागदावर विस्कटलेले आहेत, दोन बिलं घरची आहेत, एकावर तारीख नाही, आणि विचारलंय की या माणसाला नफा झाला का? तपासायला त्रास होईल, हे मान्य. उत्तरं सगळ्यांची सारखी येणार नाहीत. कुणी ताट 35 ला धरेल, कुणी 30 ला. का धरलं ते लिहिलं असेल तर मार्क द्यावेत.

दुकानदार वह्या दाखवणार नाहीत, असं एक सर मला म्हणाले. काही जण नसतील दाखवत. माझ्या आहेत. 2022-23 च्या तिन्ही वह्या आणि साखरेची पिशवी कोणत्याही कॉलेजने न्यावी, मुलांची नावं तेवढी मी खोडून ठेवली आहेत. हळदीचे डाग आहेत, काही पानांना तेल लागलंय. न्यायला सकाळी अकरानंतर या, आधी डबे भरायचे असतात. आणि पिशवीतली बिलं आता तारखेप्रमाणे लावलेली आहेत, ती देताना मी पुन्हा विस्कटून देईन.

आपली,
विश्रामबागेतल्या एका मेसची काकू, सांगली
(नाव छापू नये. मुलं ओळखतीलच.)